हायड्रोफॉइलवरचं कॅव्हिटेशन संगणकावर कसं सोडवायचं: दाबाच्या हिशेबापासून शेवटच्या आलेखापर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुरुस्तीला आलेला पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं फिरतं चाक, हातात घ्या आणि पात्याच्या पाणी शिरतं त्या काठावरून बोट आत सरकवा. काठ बहुतेक वेळा शाबूत असतो. त्याच्या थोडं पुढे, पात्याच्या कमी दाबाच्या बाजूला, खरखरीत आणि एकमेकांत मिसळलेले खड्डे लागले तर ते कॅव्हिटेशनचे, म्हणजे कमी दाबात पाण्याची वाफ होऊन ती पुन्हा मिटताना पडलेले. खड्डे हबवर (मधल्या गाभ्यावर), श्राउडवर (पाती झाकणाऱ्या तबकडीवर), पात्याच्या दोन्ही अंगांना कसेही विखुरलेले आणि आतून गुळगुळीत असतील, तर तो ओतकामातल्या ब्लो होलचा प्रकार. फाउंड्री आणि पंपवाला यांच्यात यावरून वाद होतात. तो वाद मिटवायला एक गोष्ट पक्की माहीत हवी: वाफेची पोकळी जिथे तयार होते तिथे धातू खात नाही, ती जिथे मिटते तिथे खातो.

म्हणून सिम्युलेशनमध्ये शोधायची मुख्य गोष्ट म्हणजे पोकळी कुठे आणि कशी मिटते. पुढची प्रत्येक पायरी त्याच प्रश्नासाठी आहे. अख्खा इंपेलर पहिल्या दिवशी घेऊ नका. फिरणारी चौकट, व्हॉल्यूट (इंपेलरभोवतीचं पंपाचं कवच), गळती आणि कॅव्हिटेशन एकत्र आले की चूक कशाची ते कळत नाही. इंपेलरचं पातं म्हणजे शेवटी हायड्रोफॉइलच, म्हणजे पाण्यातलं विमानाच्या पंखासारख्या छेदाचं पातं, त्यामुळे सुरुवात प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या बोगद्यातल्या एका स्थिर पात्यापासून करा.

आधी कागदावर: कोल्हापूरचा दाब किती?

कॅव्हिटेशन नंबर, म्हणजे सिग्मा, असा काढतात: पात्याच्या आधीच्या प्रवाहातला दाब उणे पाण्याचा बाष्पदाब, भागिले अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. दोन्ही दाब निरपेक्ष हवेत. गेजचं रीडिंग इथे चालत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल भरतो. समुद्रकाठी तो १०१.३ असतो. हा ६.४ किलोपास्कलचा फरक म्हणजे पाण्याचा ०.६५ मीटर हेड, आणि नदीकाठच्या उपसा पंपाला तो पहिल्यापासूनच कमी मिळतो. बाष्पदाब पाण्याच्या तापमानावर ठरतो: २० अंशांना २,३३९ पास्कल, २५ अंशांना ३,१६९, ३० अंशांना ४,२४६. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं, नदीची पातळी खाली गेल्यामुळे सक्शन लिफ्टही वाढलेली असते, आणि दोन्ही गोष्टी सिग्मा खालीच ओढतात.

एक हिशेब करून पाहू. इंपेलरच्या आयचा (पाणी आत शिरतं त्या मधल्या तोंडाचा) व्यास १५० मिलिमीटर, वेग १,४५० आरपीएम, आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर. आयच्या कडेला पात्याचा वेग ११.४ मीटर होतो आणि पाण्याचा सापेक्ष वेग सुमारे ११.८. म्हणजे गतिज दाब ६९ किलोपास्कल. सक्शन लिफ्ट ५ मीटर आणि फूट व्हॉल्व्हसकट पाइपातला तोटा १ मीटर धरला, तर ९५ मधून ५८.६ गेले. वेगासाठी आणखी ४.५ वजा केले आणि ३० अंशांचा बाष्पदाब काढला, की हातात २७ ते २८ किलोपास्कल उरतात. सिग्मा येतो ०.४०. हाच पंप समुद्रसपाटीला बसवला तर ०.४९. पुढे सिम्युलेशनमध्ये कोणती रेंज तपासायची ते या आकड्यावरून ठरतं.

कोणती केस घ्यायची

ज्या पात्याचे प्रयोगातले आकडे उपलब्ध आहेत तेच घ्या. सर्वांत सोयीचं क्लार्क-वाय पातं: कॉर्ड (पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतची लांबी) ७० मिलिमीटर, कोन ८ अंश, वेग सेकंदाला १० मीटर, सिग्मा ०.८, बोगद्याची उंची १९० मिलिमीटर आणि रुंदी ७०. या स्थितीत पोकळी वाढते, तुटते, तिचा ढग वाहून जातो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. या केससाठी सरासरी लिफ्ट (पात्याला मिळणारी उचल) कोएफिशंट सुमारे ०.७६, ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेचा अडथळा) ०.१२ आणि ढग सुटण्याची फ्रीक्वेन्सी २४ हर्ट्झच्या आसपास, असे आकडे संशोधनात सर्रास वापरले जातात. यांच्या जवळ पोचल्याशिवाय स्वतःच्या पात्याकडे वळू नये.

सॉफ्टवेअर म्हणून ओपनफोम पुरेसं आहे. त्याच्या दोन शाखा आहेत, ईएसआयची आणि फाउंडेशनची. ईएसआयच्या आवृत्त्यांमध्ये ‘इंटरफेजचेंजफोम’ हा सॉल्व्हर आहे आणि त्याच्या ट्युटोरियलमधली ‘कॅव्हिटेटिंग बुलेट’ ही केस सांगाडा म्हणून कॉपी करता येते. फाउंडेशनच्या नव्या आवृत्त्यांत हेच काम व्हीओएफच्या (पाणी आणि वाफ यांचा वाटा जागोजागी मोजणाऱ्या) मॉड्यूलला कॅव्हिटेशनचं मॉडेल जोडून होतं. फायलींची रचना तिथे वेगळी आहे, पण खालचं भौतिकशास्त्र तेच. द्विमितीय केसला ८ कोअर आणि १६ जीबी रॅमचा संगणक चालतो.

जाळी

गणितासाठी बोगद्यातली जागा लहान-लहान सेलांत तोडायची, ती जाळी. बोगदा पात्याच्या ३ कॉर्ड आधी सुरू करा आणि ५ ते ७ कॉर्ड नंतर संपवा. कोन द्यायचा तो पातं फिरवून. येणारा प्रवाह तिरका केला तर बोगद्याच्या भिंतींशी तो विसंगत होतो. मागची धार कोऱ्या ब्लेडसारखी टोकदार ठेवली तर सेल वाकडे होतात, म्हणून ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीवर सरळ छाटा. जाळी जीमेशमध्ये करून ओपनफोममध्ये आणणं सोपं जातं. पात्याभोवती सी आकाराचे थर आणि समोर-मागच्या दोन पृष्ठांना ‘एम्प्टी’ ही अट, एवढं झालं की द्विमितीय केस तयार.

पहिल्या थराची जाडी अंदाजाने ठेवू नका. रेनॉल्ड्स नंबर ७ लाख आहे. सपाट पृष्ठभागाच्या सूत्राने घर्षण कोएफिशंट सुमारे ०.००३८ येतो आणि त्यावरून फ्रिक्शन व्हेलॉसिटी सेकंदाला ०.४४ मीटर. वाय-प्लस (भिंतीपासूनचं परिमाणरहित अंतर) १ हवा असेल तर पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून २.३ मायक्रॉनवर, म्हणजे सेलची उंची साडेचार मायक्रॉनच्या आसपास. वाय-प्लस ३० पुरत असेल तर सेलची उंची ०.१४ मिलिमीटर.

सुरुवात वाय-प्लस ३० आणि वॉल फंक्शनने, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने धरून, करा. पोकळीखालून उलटा झोत शिरतो आणि वाफ तुटते तेव्हा भिंतीला काटकोनातला वेगही अचानक वाढतो. सेल ५ मायक्रॉनचा असेल आणि तो वेग फक्त १ मीटर असेल, तरी कुरंट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये पाणी किती सेल ओलांडतं तो आकडा) १ च्या आत ठेवायला टाइम स्टेप ५ मायक्रोसेकंदांच्या खाली जाते. बारीक जाळीचं रन अडखळतं ते बहुधा इथेच. ०.१४ मिलिमीटरच्या जाळीतही एखाद-दोन मिलिमीटर जाडीच्या उलट्या झोतात साधारण ५ ते ९ सेल बसतात, आणि पहिल्या फेरीला तेवढे पुरतात.

कॉर्डच्या दिशेने पुढच्या ५ टक्क्यांत सेलची लांबी ०.१ मिलिमीटर ठेवा, बाकी पात्यावर ०.२ ते ०.३. पात्यामागे दोन कॉर्डपर्यंत अर्धा मिलिमीटर, कारण सुटलेला ढग तिथूनच जातो. जाळी तिथे जाडी असेल तर ढग वाटेतच विरतो आणि दिसायला गुळगुळीत, पण खोटं चित्र मिळतं. थरांची वाढ १.१५ पटीपेक्षा जास्त नको. एकूण ७० ते ९० हजार सेल होतात. चेकमेश चालवून नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलांचा तिरकेपणा) ६५ अंशांच्या आत आहे ना ते बघा.

वाफेशिवायचं पहिलं रन

कॅव्हिटेशन बंद ठेवून, फक्त पाण्यावर, के-ओमेगा एसएसटी या टर्ब्युलन्सच्या (प्रवाहातल्या खळबळीच्या) मॉडेलने स्थिर उत्तर काढा. ही पायरी टाळू नका. क्लार्क-वायला शून्य लिफ्ट उणे साडेतीन अंशांच्या आसपास मिळते. म्हणून ८ अंशांना पातळ पात्याच्या सिद्धांताने लिफ्ट कोएफिशंट १.२६ येतो, आणि सिम्युलेशनचं उत्तर त्याच्या थोडं खाली यायला हवं. ते ०.६ आलं किंवा १.८ आलं तर कोनाची दिशा, संदर्भ क्षेत्रफळ किंवा जाळी यांत चूक आहे. द्विमितीय केसमध्ये संदर्भ क्षेत्रफळ म्हणजे कॉर्ड गुणिले जाळीची आडवी जाडी. जाडी १ मिलिमीटर ठेवून क्षेत्रफळात १ मीटरच्या हिशेबाने ०.०७ टाकलं की उत्तर हजार पटीने चुकतं.

आत येणाऱ्या प्रवाहातला टर्ब्युलन्स २ टक्के धरला तर के ची, म्हणजे टर्ब्युलन्सच्या ऊर्जेची, किंमत ०.०६ होते. ओमेगा काढताना लांबीचं माप ५ मिलिमीटर वगैरे घेतलं तर तो ९० च्या आसपास येतो आणि टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी पाण्याच्या सुमारे ६७० पट होते. एवढ्या जाड पाण्यात पोकळी नीट तुटणारच नाही. त्यापेक्षा हे गुणोत्तर १० धरून ओमेगा ६,००० ठेवा.

मग दाबाचा आलेख काढा. पात्यावरच्या सर्वांत कमी दाबाच्या कोएफिशंटचं चिन्ह बदला. ती किंमत सिग्मापेक्षा मोठी असेल तर तिथे वाफ होणार. कोणत्या सिग्माला कॅव्हिटेशन सुरू होईल याचा पहिला अंदाज इथेच फुकटात मिळतो.

एक खाच लक्षात ठेवा. वाफेशिवायच्या रनच्या सिंपलफोम या सॉल्व्हरमधला दाब घनतेने भागलेला असतो, इंटरफेजचेंजफोममधला पास्कलमध्ये असतो. पुढच्या रनला वेग, के आणि ओमेगा तेवढे न्या, दाबाचं फील्ड नव्याने एकसारखं भरा.

पाण्याचे आणि वाफेचे गुणधर्म

ट्युटोरियलच्या फाईलमध्ये बाष्पदाब २,३०० पास्कल आहे आणि वाफेची घनता ०.०२३०८ किलो प्रति घनमीटर. पहिली किंमत २० अंशांच्या पाण्याची, दुसरी २५ अंशांची. उदाहरण चालवायला त्याने बिघडत नाही, पण तुलना करायची असेल तर एकच तापमान धरा. २० अंशांना पाण्याची घनता ९९८, किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १० चा उणे सहावा घात, बाष्पदाब २,३३९ आणि वाफेची घनता ०.०१७३. घनतांचं गुणोत्तर ५७ हजारांवर जातं. सॉल्व्हर त्यावर अडखळला तर वाफेची घनता तात्पुरती वाढवून गुणोत्तर १,००० वर आणा आणि केस स्थिरावली की खऱ्या किमतीवर जा. पोकळीतला दाब बाष्पदाबाजवळ खिळलेला असतो, त्यामुळे पोकळीच्या लांबीवर याचा परिणाम थोडाच होतो.

वाफ होण्या-विरण्याच्या मॉडेलसाठी पहिली निवड श्नेर-साउअर. त्यात दर घनमीटरला बुडबुड्यांची बीजं १.६ गुणिले १० चा १३ वा घात, बीजाचा व्यास २ मायक्रॉन आणि दोन्ही गुणांक १. या किमतींनी पाण्यात बीजांचा वाटा सुमारे ०.००६७ टक्के होतो. कुंझ मॉडेल घेतलं तर त्यातला संदर्भ काळ म्हणजे कॉर्ड भागिले वेग, आपल्या केसला ०.००७ सेकंद. ट्युटोरियलमधला वेग २० मीटर आणि काळ ०.००५ तसाच ठेवला की वाफेचा दर परक्या केसचा लागतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये झ्वार्ट मॉडेल भेटतं, त्याचे नेहमीचे गुणांक बाष्पीभवनाला ५० आणि संघननाला ०.०१. चित्र प्रयोगाशी जुळत नाही म्हणून हे गुणांक फिरवत बसू नका. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा जाळीत किंवा टर्ब्युलन्समध्ये असतं.

सीमांच्या अटी आणि दाब उतरवणं

आत येताना वेग ठरलेला, १० मीटर, आणि पाण्याचा अंश १. बाहेर पडताना दाब ठरलेला. सिग्मा ०.८ साठी ०.८ गुणिले ४९,९०० अधिक २,३३९, म्हणजे ४२,२६० पास्कल, निरपेक्ष. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बाहेरचा दाब सवयीने शून्य ठेवणं. मग सगळा बोगदा बाष्पदाबाच्या खाली जातो आणि पहिल्या शंभर स्टेपमध्ये पाण्याची वाफ होते. गुरुत्वाकर्षणही शून्य ठेवा. इतक्या लहान बोगद्यात त्याने फारसा फरक पडत नाही, आणि दिशा चुकली तर नसता घोळ होतो.

४२,२६० हा दाब पहिल्याच क्षणी लावू नका. पात्याच्या पुढच्या भागावर एकाच स्टेपमध्ये मोठी पोकळी फुगते, पाण्याला ढकलते, दाब लाखो पास्कलनी उडतो आणि रन मरतं. सुरुवात सिग्मा ३ ने करा, म्हणजे १,५२,००० पास्कल. पहिले ०.०५ सेकंद तो तसाच धरा, मग ०.१५ सेकंदापर्यंत सरळ रेषेत खाली आणा. काळानुसार बदलणाऱ्या किमतीच्या टेबलने हे दोन ओळींत होतं.

पोकळीच्या कडेला पाण्याचा वेग मूळ वेग गुणिले (१ अधिक सिग्मा) या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे १३.४ मीटर. सेल ०.२ मिलिमीटरचा आणि कुरंट नंबर ०.५ धरला की टाइम स्टेप साडेसात मायक्रोसेकंद निघते. प्रत्यक्षात ५ धरून चाला. दाबाला जीएएमजी सॉल्व्हर, दर स्टेपला दाबाचे ३ करेक्शन, बाहेरच्या फेऱ्या २. वेगाला लिनियर अपविंड. वाफेच्या अंशाला व्हॅन लीअर, आणि इंटरफेस दाबून धारदार करणारा गुणांक शून्य. धरणाच्या सांडव्यावर हवा-पाण्याची सीमा धारदार असते, तिथे तो गुणांक शोभतो. ढगात मात्र पाणी आणि वाफ मिसळलेले असतात.

ढगाचं एक चक्र सुमारे ४० मिलिसेकंदांचं. दाब उतरल्यानंतर दहा चक्रं हवीत, म्हणजे एकूण ०.५५ सेकंद आणि १ लाख १० हजार स्टेप. स्टेपला एक सेकंद धरला तरी तीस तास लागतात. तेवढ्यात वीज एकदा तरी जाईल असं धरूनच दर ५ मिलिसेकंदांनी डेटा लिहायला लावा, शेवटच्या काही वेळाच ठेवा आणि सुरुवात ‘लेटेस्ट टाइम’वरून होईल असं सेट करा.

पोकळी जागची हलत नाही तेव्हा

रन नीट चालतं, पोकळी तयार होते, पात्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसते आणि तिथेच बसून राहते. शेपटी थोडी थरथरते, लिफ्टचा आलेख सपाट. सिग्मा ०.८ ला प्रयोगात ढग सुटतात, इथे मात्र काही सुटत नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं.

पोकळी मिटते तिथे दाब जास्त असतो. त्या दाबामुळे पाण्याचा पातळ झोत भिंतीलगत उलटा, पुढच्या धारेकडे सरकतो, पोकळीला मुळातून कापतो आणि कापलेला भाग ढग होऊन वाहतो. के-ओमेगा किंवा के-एप्सिलॉनसारखी मॉडेलं ज्या प्रवाहांवर बसवली आहेत त्यांत घनता बदलत नाही. वाफ-पाण्याच्या मिश्रणात ती टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी फार जास्त सांगतात. उलटा झोत त्या चिकटपणात अडकतो आणि अर्ध्या वाटेत थांबतो. खात्री करायला निकाल चित्रात दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी भागिले पाण्याची व्हिस्कॉसिटी असं चित्र काढा. पोकळीच्या शेपटाशी शेकड्यांनी-हजारांनी आकडे दिसले तर निदान पक्कं.

यावरची दुरुस्ती संशोधक रेबू यांनी १९९८ मध्ये सुचवली आणि ती आजही कामाची आहे. टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटीच्या सूत्रात मिश्रणाच्या घनतेच्या जागी एक फलन घालायचं: वाफेची घनता, अधिक पाणी आणि वाफेच्या घनतांमधला फरक गुणिले एका गुणोत्तराचा दहावा घात. ते गुणोत्तर म्हणजे मिश्रणाची घनता उणे वाफेची, भागिले पाण्याची उणे वाफेची. शुद्ध पाण्यात काहीच बदलत नाही. दहा टक्के वाफ असेल तिथे व्हिस्कॉसिटी मूळच्या सुमारे ३९ टक्क्यांवर येते. अर्धी वाफ असेल तिथे ०.५ चा दहावा घात ०.००१ च्या आसपास, म्हणजे व्हिस्कॉसिटी पाचशेव्या भागावर. झोताला वाट मोकळी होते.

ओपनफोममध्ये ही दुरुस्ती तयार मिळत नाही. के-ओमेगा एसएसटीची प्रत करून तिला नवं नाव द्या आणि टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी काढणाऱ्या फंक्शनमध्ये ‘रो’ हे घनतेचं फील्ड शोधून फलन भागिले घनता याने गुणा. गुणाकार आतल्या सेलांवरच करा, भिंतीवरची किंमत वॉल फंक्शनला ठरवू द्या. घातांक १० च ठेवा. तो मनाला येईल तसा वाढवून फ्रीक्वेन्सी जुळवली, तर पुढच्या पात्यावर तीच जुळणी मोडते.

हे केल्यावर पोकळीखाली भिंतीलगत वेगाचा आडवा घटक उणे झालेला दिसला पाहिजे, आणि तो पट्टा पुढच्या धारेपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला तर भिंतीजवळची जाळी दुप्पट बारीक करून बघा.

वाढलेल्या दाबाचं कोडं

ढग सुटायला लागले की पुढची तक्रार हमखास येते: पात्याच्या आधीच्या बिंदूवर दाब वेडावाकडा उड्या मारतो. काही वेळा तो बाहेर लावलेल्या दाबापेक्षा खूप वर जातो. हा सॉल्व्हरचा दोष नाही, बोगद्याचं गणित आहे.

पाणी दाबलं जात नाही असं आपण धरलंय, आणि आत येणारा वेग खिळवून ठेवलाय. पोकळी फुगली की तेवढं पाणी फक्त बाहेरच्या बाजूने जाऊ शकतं. म्हणजे पात्यापासून बाहेरच्या टोकापर्यंतचा पाण्याचा अख्खा लोळ प्रवेगित व्हावा लागतो. लोळाची लांबी अर्धा मीटर आणि १ मिलिसेकंदात वेग फक्त ०.१ मीटरने बदलला, तर लागणारा दाब घनता गुणिले लांबी गुणिले प्रवेग, म्हणजे ५० किलोपास्कल. आपण बाहेर लावलेल्या ४२ किलोपास्कलपेक्षा जास्त. द्विमितीय केसमध्ये हे आणखी बळावतं, कारण पोकळी बोगद्याच्या पूर्ण रुंदीवर एकाच क्षणी मिटते. खऱ्या बोगद्यात ती तुकड्यातुकड्यांनी मिटते.

बाहेरचं टोक जवळ आणलं तर हे उसळणं कमी होतं, पण ढग टोकाला धडकतात आणि तिथून उलटा प्रवाह आत येतो. म्हणून ५ ते ७ कॉर्डचा पल्ला. त्यापेक्षा लांब करून फायदा नाही, उलट तोटा आहे.

दुसरी बाब सिग्माची. दाब आपण बाहेर लावला, सिग्मा मात्र पात्याच्या आधीच्या दाबावर ठरतो. पात्याचा ड्रॅग बोगद्यात दाबाचा तोटा करतो. ड्रॅग कोएफिशंट ०.१२ असेल तर ४९,९०० गुणिले ०.१२ गुणिले ७० भागिले १९०, म्हणजे सुमारे २,२०० पास्कल. तुम्ही ०.८ समजत असता आणि पात्याला खरा सिग्मा ०.८४ मिळतो. भिंतींवर घर्षण धरलं असेल तर आणखी थोडा जास्त. पहिल्या रनमधून पात्याच्या एक कॉर्ड आधीचा सरासरी दाब काढा, बाहेरचा दाब तेवढ्याने उतरवा आणि रन पुन्हा चालवा. ही दुसरी फेरी वगळून केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

निकाल वाचताना

लिफ्ट-ड्रॅगच्या फंक्शनमध्ये घनता ‘रो’ या फील्डवरून घ्यायला सांगा. दाब इथे आधीच पास्कलमध्ये आहे. सोबत एकूण वाफेचं घनफळ आणि पात्यावर २५, ५० आणि ७५ टक्के कॉर्डला दाबाचे प्रोब नोंदवा. पहिली दोन-तीन चक्रं टाकून द्या. ०.४ सेकंदांच्या नोंदीत फ्रीक्वेन्सीचं रिझोल्यूशन २.५ हर्ट्झ असतं, त्यामुळे २४.१ की २३.८ यावर वाद घालू नये. वाफेचा अंश ०.१ असलेला पृष्ठभाग दाखवणारी चित्रं देखणी असतात, पण निर्णय घ्यायला एकच आलेख सर्वांत उपयोगी: आडव्या अक्षावर कॉर्ड, उभ्या अक्षावर काळ आणि रंगाने पात्यालगतची वाफ. पोकळीची वाढ, उलट्या झोताचा वेग आणि मिटण्याची जागा तिघंही त्यात तिरक्या रेषांसारखी उमटतात.

जाळी तीन पातळ्यांवर तपासा, प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना १.४ पट बारीक. सरासरी लिफ्ट लवकर स्थिरावते, फ्रीक्वेन्सी उशिरा, आणि मिटतानाचा सर्वोच्च दाब बहुधा स्थिरावतच नाही. तो जाळीगणिक बदलतो, म्हणून अहवालात आकडा म्हणून देऊ नका. त्रिमितीय करायचं ठरलं तर ७० मिलिमीटर रुंदीत अर्ध्या मिलिमीटरचे १४० थर, म्हणजे १ कोटी १२ लाख सेल. त्याला क्लस्टर लागतो, आणि द्विमितीय केस पूर्ण पटल्याशिवाय तो खर्च करू नये.

प्रयोगात कॅव्हिटेशन सिम्युलेशनपेक्षा लवकर किंवा उशिरा सुरू होतं, त्याचं एक कारण पाण्यात विरघळलेली हवा आणि बीजं. दुसरं कारण पुढच्या धारेवरचा लॅमिनार पट्टा, जो एसएसटी मॉडेल दाखवत नाही. पूर्ण वाढलेल्या पोकळीवर या दोन्हींचा परिणाम कमी असतो.

इंपेलरकडे वळताना

आयजवळच्या पात्याचा छेद घ्या, सापेक्ष वेग आणि त्याचा कोन लावा, आणि वर काढलेल्या ०.४० सिग्मासह वर-खाली दोन-तीन किमतींना चालवा. दिवसभरात पंप एकाच डिस्चार्जवर चालत नाही, म्हणून कोनही दोन अंश इकडे-तिकडे बदलून बघा. डिस्चार्ज कमी झाला की पाणी पात्यावर येण्याचा कोन वाढतो आणि पोकळी पुढच्या धारेपासून सुरू होते. डिस्चार्ज जास्त झाला तर ती पात्याच्या दुसऱ्या, एरवी जास्त दाबाच्या असलेल्या अंगावर उमटू शकते. दुरुस्तीला आलेल्या इंपेलरवर खड्डे त्या अंगाला दिसले तर पंप ठरल्यापेक्षा जास्त डिस्चार्जवर चालत होता, असं समजायला जागा आहे.

काळ-कॉर्ड आलेखातून मिटण्याचा पट्टा काढा, म्हणजे उदाहरणार्थ कॉर्डच्या ४० ते ६० टक्के, आणि तो खऱ्या खड्ड्यांच्या जागेशी पट्टीने मोजून ताडा. दोन्ही जुळले तर पुढच्या धारेची गोलाई आणि प्रवेशाचा कोन बदलून पट्टा कसा सरकतो ते संगणकावरच पाहता येतं, प्रत्येक वेळी ओतकामाचा नवा पॅटर्न करावा लागत नाही. हे सिम्युलेशन धातू किती तासांत किती झिजेल ते सांगत नाही. ते धातूवरही अवलंबून आहे. त्याच पट्ट्यात ग्रे कास्ट आयर्न लवकर खड्डे पाडून घेतं, तर १३-४ स्टेनलेस किंवा निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ खूप जास्त टिकतं. छेद बदलून पट्टा हलत नसेल तर धातू बदला, किंवा पंप दोन फूट खाली बसवून सक्शन लिफ्ट कमी करा. वरच्या हिशेबात ०.६ मीटर लिफ्ट घटली की सिग्मा ०.४० वरून ०.४८ वर जातो.